ओटीतलं खोबरं विमानात चालत नाही

कराडला काकांच्या घरी गेलं की चपला काढायच्या आधीच खवट खोबऱ्याचा वास यायचा. नवीन आलेल्या बायका नाकाला पदर लावायच्या. काका म्हणायचे, "होईल सवय, मॅडम. विमानातसुद्धा पहिली पाच मिनिटं वास येतो."

तो वास पुढच्या खोलीतल्या लोखंडी मांडणीवरून यायचा. मांडणीवर खणात बांधलेली लहान लहान गाठोडी ओळीनं ठेवलेली असत. प्रत्येक गाठोड्याला जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीनं बांधलेला. त्यावर माणसाचं नाव, गाव, तो गेला त्या शहराचं नाव आणि एक नंबर. तोच नंबर लिहिलेला दुसरा अर्धा तुकडा ज्याच्या त्याच्याजवळ, जगात कुठंतरी.

आमच्या भागात एक रीत आहे. घरातलं माणूस लांब निघालं की गावच्या देवीची ओटी भरायची. पुजारी त्यातली खोबऱ्याची एक वाटी परत देतो. ती जाणाऱ्याच्या सामानात ठेवायची. माणूस परत आलं की तीच वाटी फोडून खायची, मग त्याचं जाणं पुरं झालं. आमचे आप्पा फौजेत होते. सुट्टी संपवून निघताना त्यांच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ती वाटी असायची आणि वर्षानं तीच परत यायची. ट्रंकेचं ठीक होतं, रेल्वेचंही ठीक होतं. विमानाची गोष्ट वेगळी. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानतळावर ते काढून घेतात. हे आमच्याकडं कुणाला माहीत नव्हतं. गावोगावच्या आया पोरांच्या बॅगेत साड्यांच्या, स्वेटरांच्या घडीत खोबरं लपवायच्या, आणि मुंबईत ती वाटी टोपलीत पडली की पोरगं तिकडं आणि आई इकडं, दोघंही अपशकुन झाल्यासारखे झुरत राहायचे.

त्यावर काकांनी हा तोडगा काढला होता. खोबरं त्यांच्याकडं ठेवायचं. ते टॅग लावून पावती देणार. परत आल्यावर पावती दाखवायची आणि तिथंच, त्यांच्यासमोर, खोबरं खायचं. घरी न्यायचं नाही. हा नियम होता.

काही गाठोडी दहा-दहा वर्षांची होती. ती माणसं तिकडचीच होऊन गेली. आत भुगा झाला असणार. "टाकून द्या की," असं कुणी म्हटलं तर काका म्हणायचे, "सामान मालकाचं असतं. आपण फक्त सांभाळायचं."

काका माझे नात्यानं कुणी नव्हेत. ते मूळचे इकडचेच, पण उमेदीची बावीस वर्षं त्यांनी मुंबईच्या विमानतळावर, सरकारी विमान कंपनीच्या काउंटरवर काढली होती. मुदतीच्या बरीच आधी नोकरी सोडून ते कराडला येऊन एकटे राहिले. बायको सांगलीकडं माहेरी असते एवढंच लोकांना माहीत होतं. ते का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. कंपनीला ते शेवटपर्यंत "आपली कंपनी" म्हणत. दुसऱ्या कंपनीचं तिकीट घेऊन कुणी आलं तर त्यांचं तोंड पडायचं, पण शिकवायचे त्यालाही तितकंच मन लावून.

दाराबाहेर पाटी होती. विमानाने प्रथमच जाणाऱ्यांस मार्गदर्शन, सकाळी नऊ ते अकरा. येताना बॅग भरून आणावी. त्याखाली वेगळ्या, लाल रंगात एक ओळ होती: नवऱ्यांनी बाहेर थांबावे.

ही ओळ वाचून लोक हसायचे. काका हसत नसत. कुणी म्हातारा बायकोबरोबर आत शिरायला लागला की ते दारात आडवे व्हायचे. "समोर चहाची टपरी आहे. तिथं बसा."

"आवं, पर तिला एकटीला काय कळनार?"

"तुम्ही शेजारी असलात तर कधीच कळणार नाही."

आत तीन खुर्च्या एकमेकींना तारेनं जखडून ठेवल्या होत्या, हात टेकायला जागा नाही अशा. त्यांना जुन्या जीपचे पट्टे लावलेले. मधल्या खुर्चीत बसायचं, पट्टा लावायचा, सोडायचा, पुन्हा लावायचा. दोन तास न उठता बसायची सवय करायची. मोरीच्या दाराला त्यांनी विमानात असते तशी सरकती कडी बसवून घेतली होती. म्हाताऱ्या बायकांना ते सगळ्यात आधी ती कडी शिकवायचे, कारण विमानात जायची खरी धास्ती बायकांना त्या कडीची असते, हे त्यांना कुणी न सांगता कळलं होतं. वर्गात प्रत्येक बाई 'मॅडम' असायची. डोक्यावर पदर घेतलेल्या, शेतात हाताची सालपटं निघालेल्या बायका त्या शब्दानं आधी लाजायच्या आणि हळूहळू ताठ बसायच्या.

त्यांचं सांगणं साधं असे. विमान म्हणजे एस्टी नव्हे, हात केला म्हणून थांबत नाही. तीन तास आधी पोचा. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर एक पाहिजे. घरी ताई असलात तरी तिथं ताई नाही. शाकाहारी जेवण तिकीट काढतानाच सांगायचं, ताट समोर आल्यावर नाही. जेवण घेऊन येईल तिला 'ताई' म्हणा, ती कुठल्याही मुलखातली असली तरी तिला कळतं. कानात दडे बसले तर आवंढा गिळा. चाकं जमिनीला टेकली म्हणून उठू नका, उभं राहिल्यानं दार लवकर उघडत नाही. बॅग पट्ट्यावर आली नाही तर रडू नका, पावती दाखवा. पावती जपली तर सामान येतं, आज नाही तर उद्या.

पण हे सगळं नंतर. आधी ते तिकीट हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाजवळ न्यायचे आणि विचारायचे, "नंबर पडलाय का?" म्हणजे जागा पक्की आहे का. पक्की नसेल तर वर्ग सुरूच करायचे नाहीत.

काउंटर त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. कराडहून साताऱ्याला जायचं तरी ते एस्टी स्टँडवर तीन तास आधी जाऊन बसत. एका लग्नात पंगतीला रेटारेटी झाली तेव्हा हे उठून दारात उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, "मागच्या रांगा आधी, प्लीज!" लोक इतके गोंधळले की खरोखर मागच्या रांगा आधी भरल्या. वाढप्यांनी नंतर त्यांचे आभार मानले.

एक गोष्ट मात्र ते कधी करत नसत. लोक म्हणायचे, काका, मुंबईपर्यंत सोडायला चला, गाडीत जागा आहे. ते हायवेपर्यंत यायचे. कोल्हापूर नाक्यावर गाडीच्या काचेतून हात आत घालून जाणाऱ्याच्या डोक्यावर ठेवायचे आणि मागं फिरायचे. "विमानतळावर मी येत नाही," एवढंच म्हणायचे.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले ती इंजिनिअरिंग संपवून जर्मनीला निघाले तेव्हा. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. विमान मी उसाच्या फडातून बघितलेलं, तेही आवाज ऐकून वर मान केली तर शेपूट दिसायचं. बरोबर आई होती. आप्पा टपरीवर.

काकांनी गूळ तोलायच्या ताणकाट्याला माझी बॅग टांगली. चार किलो जास्त. त्यांनी बॅग उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागले. आईचं तोंड उतरत गेलं. स्वेटरच्या बाहीत हात घातल्यावर ते थांबले. खोबऱ्याची वाटी बाहेर आली.

"आवं भाऊ, ती असू द्या," आई म्हणाली. "देवीच्या ओटीतली हाय."

"मॅडम, हे चालत नाही."

"एवढीशी वाटी! तुमच्या इमानाला जड हुतीया?"

"जड नाही. पेट घेते."

"देवीचं खोबरं कुनाचं घर पेटवतंय व्हय?" आईचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "ते संगं असलं की मानूस माघारी येतं, भाऊ. म्हणून ठेवलंय. बाकीचं समदं काढा."

काकांनी वाटी टेबलावर ठेवली. मग ते आईशी काउंटरवरचं सोडून गावाकडचं बोलले. असं ते क्वचित बोलायचे. "वहिनी, ती हितं राहिली तरी पोरगी परत येईल. मी राखतो. ती येईपतुर मी कुठं जात न्हाई."

त्यांनी माझं नाव लिहिलं, पुठ्ठा फाडला, अर्धा मला दिला. माझ्या हातात आयुष्यात पुष्कळ प्रमाणपत्रं आली, पण तो लग्नपत्रिकेचा तुकडा मी पासपोर्टमध्ये घालून जितका जपला तितकं दुसरं काही जपलं नाही. पहिल्या हिवाळ्यात, कुणाशी चार शब्द मराठी बोलायला मिळत नव्हतं तेव्हा, मी तो काढून बघायची. त्याच्या मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त छापलेला होता.

निघाल्यापासून चार वर्षांत माझं लग्नही तिकडंच झालं आणि बाळंतपणही तिकडंच ठरलं. आई-आप्पा दोघांचे व्हिसा आले, पुढच्या महिन्याची दोन तिकिटं निघाली. पण सातव्या महिन्यातच माझं बीपी चढलं आणि मला दवाखान्यात ठेवलं. नवऱ्यानं घरी फोन केला. आप्पांनी तिकिटं अलीकडं आणायला सांगितली, तर दुसऱ्या दिवशीच्या विमानात एकच जागा होती. दोन जागा थेट शुक्रवारी. आप्पांनी शुक्रवार धरला, आणि त्याआधी आईची तयारी व्हावी म्हणून दोघं काकांकडं गेले. पुढचं मला आईनं सांगितलं.

आप्पा दारातूनच म्हणाले, "शुक्रवारी दोघंबी जातोय. तवर हिला जरा सांगा."

"उद्याचं विमान आहे ना?"

"त्यात एकच जागा हाय."

काका म्हणे खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागं पडली. "पोरगी दवाखान्यात आहे. आणि तुम्ही बायकोच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून शुक्रवारची वाट बघणार?"

"आवं, दिल्लीत इमान बदलायचं हाय. हिला पुण्यात बस बदलाय येत न्हाई!"

"एक जागा असेल तर एकटीला बसवा!" ते ओरडले. समोर टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. "एक तर एक! सुभेदार, बाहेर जा. आत्ता तिकीट पक्कं करा. नंबर पाडून घ्या. जा!"

आप्पांनी आयुष्यभर हुकूम घेतले आणि दिले, पण असा हुकूम त्यांना कधी मिळाला नव्हता. ते गेले.

काकांनी त्या दिवशी अकराला वर्ग बंद केला नाही. पुढची खोली मुंबई केली, स्वयंपाकघर दिल्ली केलं, परसदार जर्मनी. आई चार तास या खोलीतून त्या खोलीत बॅग घेऊन फिरत होती. दिल्लीत फळ्यावरचा बाण बघून वळायचं. चुकलं की पुन्हा मुंबईपासून. मोरीपाशी ते स्वतः तिकडच्या पासपोर्ट तपासणाऱ्यासारखा कडक चेहरा करून बसले. "पर्पज ऑफ व्हिजिट?"

"डॉटर. बेबी."

"हाऊ लाँग?"

"थ्री मंथ."

"मोठ्यानं, मॅडम. तुम्ही चोरी करायला निघालेल्या नाही."

आई दुसऱ्या दिवशी निघाली आणि पोचली. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली, दोन किलोचीही नाही. मला नीट शुद्ध आली तेव्हा कपाळावर आईचा हात होता. तळहात ओळखीचा, खरखरीत. मी डोळे न उघडताच तो ओळखला. आप्पा शुक्रवारी दुसऱ्या तिकिटावर आले, एकटेच, आणि दिल्लीत त्यांचं विमान चुकलं. हे आई अजून सांगते.

मुलगी दोन वर्षांची झाल्यावर आम्ही गावी आलो. पावती घेऊन काकांकडं गेले. आईनं आपलं खोबरं आधीच खाल्लं होतं. माझी वाटी सहा वर्षांची. काकांनी नंबर जुळवून गाठोडं काढून दिलं आणि समोर बसले. कडू जहर लागत होतं. मी एक तुकडा कसाबसा गिळला. त्यांनी "आलीस," म्हटलं आणि दोन्ही पुठ्ठे एका तारेत ओवले.

ते थकले होते. तीन खुर्च्यांची एक तार सुटली होती, ती त्यांनी पुन्हा बांधली नव्हती.

"तुझ्याकडं एक काम आहे," ते म्हणाले. "माधवनगरला जायचं. सांगलीजवळ. तिथं एक बाई आहेत. अमेरिकेला निघाल्यात, एकट्या. त्यांना शिकवून ये."

"तुम्ही सोडून मी शिकवू?"

"माझ्याकडून त्या शिकणार नाहीत." त्यांनी मला तीन कागद दिले, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. "नातू आहे तिकडं, वीस वर्षांचा. त्यानं बोलावलंय. तिकिटाचा फोटो त्यानं मला पाठवला. नंबर पडलेला आहे, मी बघितलंय. मी पाठवलं असं सांगू नकोस."

बाई कोण, हे मी विचारलं नाही. काकांची बायको माहेरी असते हे सगळ्या कराडला ठाऊक होतं. त्यांना नातू आहे हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

माधवनगरात काकूंच्या भावाचं घर यंत्रमागांच्या शेडला लागून होतं. मागांच्या खडखडाटात तिथली माणसं कायम मोठ्यानं बोलतात. काकू ओट्यावर कांड्या भरत बसल्या होत्या, मागाला लागणाऱ्या सुताच्या. अंगानं बारीक, कपाळावर कुंकू. मी म्हटलं, मी तुमच्या नातवाच्या ओळखीतली, विमानाचं सांगायला आले.

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. हातातल्या कागदांवरच्या अक्षराकडं बघितलं.

"कराडवरनं शिकून आलेल्या बायका सांगत्यात," त्या म्हणाल्या. "पयल्याच कागदात मोरीची कडी असंल."

मी पहिला कागद बघितला. कडी होती.

"बस. तुला खोटं बोलाय येत न्हाई, चांगलं हाय."

मी बसले. त्यांनी कांडी भरणं थांबवलं नाही. सूत फिरत राहिलं आणि त्या बोलत राहिल्या, उसाचा दर विचारावा इतक्या सरळ आवाजात.

"कंपनीच्या माणसाला पास असतोय. फुकाट. पर विमान भरलं की पासवाल्यानं मागं ऱ्हायचं. जागा उरली तर नंबर पडणार. आमची एकुलती एक लेक तिकडं दवाखान्यात, आठवा लागलेला. जावई म्हणला, तिकिटं पाठवतो. ह्यांनी न्हाई म्हणलं. 'मी काउंटरवरचा माणूस. जावयाच्या तिकिटानं जाऊ व्हय?' तीन दिवस आमी त्या विमानतळावर बाकड्यावर बसून. दुसऱ्या दिवशी दुपारी नाव पुकारलं. एक जागा हाय म्हणले. एकच."

शेडमधला एक माग थांबला. तिथं पोकळी पडल्यासारखी झाली, मग तो पुन्हा सुरू झाला.

"मी उठले. पिशवी काखंला लावली. म्हणलं, मी जाते. हे म्हणले, 'तू? तुला पट्टा तरी लावाय येतो का? बस खाली. उद्या दोन मिळतील.' मी बसले. ती जागा एका पोराला दिली, पाठीवर गिटार हुती त्याच्या. मला अजून दिसतोय."

"मग?"

"मग काय. चौथ्या दिवशी जावयाचा फोन आला. पोरगं वाचलं हुतं." त्यांनी भरलेली कांडी टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली. "बावीस वर्सं दुसऱ्यांच्या आयांना पट्टा लावाय सांगत हुता हा माणूस. घरात मला एकदा सांगितलं न्हाई. मी भांडले न्हाई. मी फकस्त बोलायची थांबले."

मला त्या वेळी दारावरची लाल ओळ आठवली, कोल्हापूर नाका आठवला, आप्पांवर ओरडलेला आवाज आठवला. आमच्या भाड्याच्या गाडीत त्यांना बसवलं आणि गाडीच्याच पट्ट्यावर शिकवायला लागले. त्यांनी पट्टा पहिल्याच झटक्यात लावला. दोन तासांत तिन्ही कागद संपले. त्यांनी प्रत्येक गोष्ट एकदाच विचारली.

मी निघताना त्या आत गेल्या आणि खणात बांधलेली वाटी घेऊन आल्या. भावानं देवीची ओटी भरून आणली होती. "ह्याचं काय करायचं? चालत न्हाई न्हवं?"

"नाही चालत. कराडला ठेवतात, टॅग लावून. पावती मिळते. परत आल्यावर तिथंच खायचं असतं."

"तिथंच?"

"हो. नियम आहे."

त्यांनी खणाची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. मग ते गाठोडं त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "ठिवाय सांग. मी बोलले म्हणून सांगू नगंस. खोबरं दिलं, एवढंच."

कराडला परतले तेव्हा काका मांडणीसमोर बसून होते. मी गाठोडं टेबलावर ठेवलं. कुणाचं ते सांगितलं नाही. त्यांनी ते हातात घेतलं नाही, नुसतं गाठीवर बोट ठेवलं. मग पुठ्ठा घेतला. दोन्ही बाजूंना नंबर लिहिला. नाव लिहिताना हात थांबला. सगळ्यांच्या टॅगवर ते पूर्ण नाव लिहीत, पासपोर्टवर असतं तसं, अक्षर न् अक्षर. तिच्या टॅगवर त्यांनी नुसतं पहिलं नाव लिहिलं, घरात हाक मारावी तसं.

पुठ्ठा फाडून अर्धा माझ्यापुढं धरला. "तिला नेऊन दे. पावती नसेल तर सामान मिळत नाही."

"काका, तुम्हीच द्या की. सांगली काय लांब आहे."

"काउंटर सोडून जाता येत नाही," ते म्हणाले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "पट्टा लावला?"

"पहिल्या झटक्यात."

ते मान हलवत राहिले. मला वाटलं त्यांना बरं वाटलं असेल. आता वाटतं, तसं नसावं. वीस वर्षांपूर्वीही तिला तो पहिल्या झटक्यात लावता आला असता, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मी दुसऱ्या दिवशी माधवनगरला जाऊन पावती दिली. काकूंनी ती कमरेच्या पिशवीत ठेवली आणि पुन्हा कांड्या भरायला बसल्या. ठरल्या दिवशी त्या गेल्या, एकट्या. सहा महिन्यांसाठी.

पाचव्या महिन्यात काका गेले. दोन दिवस तापाचं निमित्त झालं. नातवानं आजीला विचारलं, तिकीट अलीकडं आणू का. त्या म्हणाल्या, "ठरल्या दिवसाचा नंबर पडलाय. त्याच दिवशी जाईन." पुतण्या घर रिकामं करायला आला होता. माझी आई मांडणीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ज्याचं त्यानं नेईपर्यंत ह्यातलं काही हलणार नाही. पुतण्या चिडला, पण किल्ली आईकडं आली. आता ती आठवड्यातून दोनदा जाऊन दार उघडते, धूळ पुसते. परदेशाहून कुणी आलं तर नंबर जुळवून देते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला.

"ती आलीती," आई म्हणाली. "एकटीच. एस्टीनं. दारात उभं राहून आधी वास घितला. मग पावती काढून माझ्या हातात दिली. म्हणली, नंबर बघून द्या."

"मग?"

"मी काढून दिलं. सोडून बघतोय तर काळं पडल्यालं, वर बुरशी. समदा पावसाळा गेला की त्याच्यावरनं. मी म्हणलं, आवं ताई, टाका ते. पोटात दुखंल. तर म्हणली, हितंच खायचं हाय न्हवं? नियम हाय. आन् त्या मधल्या खुर्चीत बसली. वाटी मांडणीच्या कडंवर आपटून फोडली. समदी खाल्ली गं. एक तुकडा ठेवला न्हाई. मी पाणी धरलं, पाणी घितलं न्हाई."

"रडली का गं?"

फोनमध्ये आमच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

"चावत हुती," ती म्हणाली. "लय येळ चावत हुती."